सिकलसेल ‘त्यांचा’ आजार कसा झाला

आश्रमशाळेत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं पथक आलं की पहिली चाचणी काचेच्या छोट्या नळीत होते. नळीत २ मिलिलिटर द्रावण असतं. त्यात पेशी फोडणारं सॅपोनिन आणि ऑक्सिजन ओढून घेणारं डायथायोनाइट असतं. बोट टोचून २० मायक्रोलिटर रक्त, म्हणजे जेमतेम एक बारीक थेंब, त्यात टाकायचा, हलवायचा आणि पाचेक मिनिटं थांबायचं. मग नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा आरपार दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह.

या नळीला आडनाव कळत नाही. तपासणीची यादी करणाऱ्याला मात्र कळतं, आणि घोळ तिथून सुरू होतो.

भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत कुठल्याही पानठेल्यावर सिकलसेलचा विषय काढा. कोणीतरी म्हणतंच, “थे त्यायच्यात असते.” ‘ते’ म्हणजे कोण, हे बोलणारा कोण आहे त्यावर बदलतं. या वाक्यात थोडं खरं आहे, पुष्कळ चुकीचं आहे, आणि त्याच्या पोटात एक जुना रोगही आहे. त्या रोगाचं नाव वंशवाद. हा शब्द आपण अमेरिकेसाठी राखून ठेवलेला, म्हणून तो ठेल्यावर ओळखू येत नाही.

आधी खरं काय ते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. एवढा एक बदल. ऑक्सिजन कमी झाला की असे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. आई आणि बाप दोघांकडून बदललेलं जनुक आलं तर माणूस रुग्ण, म्हणजे ‘एसएस पॅटर्न’. एकाकडूनच आलं तर ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहक आजारी नसतो. उलट फाल्सिपॅरम मलेरियाच्या जीवघेण्या रूपापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत हे दाखवून दिलं.

म्हणूनच या जनुकाचा नकाशा मलेरियाच्या जुन्या नकाशावर बसतो, कातडीच्या रंगावर बसत नाही. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस भागात तो भरपूर सापडतो. सिसिलीत आहे, तुर्कस्तानात आहे, सौदी अरेबियाच्या पूर्व भागात आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्याभोर खोसा लोकांत मात्र तो जवळजवळ नाही. महाराष्ट्रातल्या आदिवासी जमातींत वाहकांचं प्रमाण शून्यापासून थेट ३५ टक्क्यांपर्यंत आढळलं आहे, म्हणजे ‘आदिवासींचा आजार’ म्हणावं तर त्यांच्यातच एवढा फरक. विदर्भात गोंड, माडिया, परधान यांच्यात तो आहे, बौद्धांत आहे, आणि कुणबी-तेल्यांतही सापडतो.

प्रमाण कमीजास्त असणं ही मोजलेली गोष्ट आहे. ती सांगण्यात वंशवाद नाही. एखाद्या समाजात शंभरात २० वाहक असतील आणि लग्नं समाजातच होत असतील, तर नवरा-बायको दोघं वाहक असण्याची शक्यता ०.२ गुणिले ०.२, म्हणजे १०० लग्नांत ४. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता पावभाग. म्हणजे त्या समाजात साधारण शंभर बाळांमागे एक. हा हिशोब आरोग्य खात्याला लागतो, कारण औषध किती मागवायचं हे त्यावरून ठरतं.

वंशवाद यापुढच्या दोन पायऱ्यांवर असतो. पहिली पायरी: शंभरातल्या २० जणांचा गुण उरलेल्या ८० जणांनाही चिकटवायचा. दुसरी: त्या चिकटवलेल्या गुणावरून कोणाला काय मिळेल ते ठरवायचं, नोकरी, सोयरीक, भाड्याची खोली, दवाखान्यातली वागणूक. पहिल्या पायरीवर निव्वळ गणित चुकलेलं असतं. दुसऱ्या पायरीवर त्या चुकीला सत्तेचा हात मिळतो. मनात द्वेष असलाच पाहिजे असं नाही, आणि ‘आमच्या मनात तसं काही नाही’ हा बचाव म्हणूनच फोल ठरतो.

पहिल्या पायरीला विज्ञानाचा वेष चढवायचं काम मोठमोठ्या लोकांनी केलं. हर्बर्ट रिस्ली हा ब्रिटिश अधिकारी १९०१च्या जनगणनेचा प्रमुख. त्याचं आवडतं माप नाकाचं. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले १००. ७०च्या खाली आलं तर अरुंद नाक, ७० ते ८५ मध्यम, त्यावर रुंद. जात जितकी वरची तितकं नाक अरुंद, असा नियम त्याने मांडला. हातात कॅलिपर, म्हणजे माप घेण्याचा चिमटा घ्या, मग कळेल यात काय काय बिघडतं. नाकपुड्या मऊ असतात. कॅलिपर किंचित दाबला की रुंदी दोन मिलिमीटरने कमी भरते. रुंदी ३६ आणि उंची ५० मिलिमीटर असेल तर निर्देशांक ७२ येतो. तेच ३४ वाचलं तर ६८, आणि माणूस मधल्या गटातून उचलून वरच्या गटात जातो! उंची नाकाच्या मुळापासून मोजायची, पण ते मूळ प्रत्येकाला वेगळ्या जागी दिसतं. पुढे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी रिस्लीची आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा तिच्यात विसंगती निघाल्या. डॉ. आंबेडकरांनी तर असलीच मापं हाती घेऊन अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे नाहीत, हे त्याच आकड्यांनी दाखवलं. आणि आताचं संशोधन सांगतं की नाकपुड्यांच्या रुंदीचा संबंध हवेचं तापमान आणि हवेतला ओलावा यांच्याशी लागतो. अकलेशी नाही.

इरावती कर्वे यांचं उदाहरण मला याहून मोलाचं वाटतं. त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएचडी करत होत्या. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण इतर वंशांपेक्षा वेगळी असते, आणि त्यावरून त्याची बुद्धी सरस ठरते, हे गुरुजींचं गृहीतक. कर्वेबाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या आणि तसं काही आढळत नाही असं प्रबंधात लिहून टाकलं. साल १९३१ आणि ठिकाण जर्मनी, हे ध्यानात घेतलं की हा प्रबंध किती धीराचा ते कळतं.

सिकलसेलचाही असाच वंश ठरवला गेला होता. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्यासारख्या पेशींची पहिली नोंद केली. रुग्ण कॅरिबियनमधला कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. तेवढ्यावरून हा ‘निग्रोंचा आजार’ ठरला. मग एखाद्या गोऱ्या माणसात तशाच पेशी दिसल्या, तर डॉक्टर म्हणत, याच्या घराण्यात कुठेतरी काळं रक्त असणार. व्याख्या चुकली असेल हे मान्य करायचं नाही, माणसाचं कूळच बदलायचं. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांची तपासणी सक्तीची केली. वाहक आणि रुग्ण यांतला फरक नीट न सांगताच. परिणाम ठरलेला होता: धडधाकट वाहकांच्या नोकऱ्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढले. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत वाहकांना १९८१पर्यंत प्रवेश नव्हता.

आपल्याकडे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. ७ कोटी लोकांची तपासणी करून प्रत्येकाच्या हाती कार्ड द्यायचं, असा तिचा आराखडा आहे. कार्ड उपयोगाचं आहे, पण ते कोणाच्या हाती पडतं यावर सगळं अवलंबून. लग्नाआधी दोन्हीकडची कार्डं जुळवून पाहिली तर ती वैद्यकीय खबरदारी. एकट्या मुलीचं कार्ड मागितलं, मुलाची तपासणीच केली नाही आणि ‘त्यांच्यात असते’ म्हणून मुलगी नाकारली, तर ती खबरदारी नव्हे. मुलगी एएस आणि मुलगा एए, म्हणजे बदललेलं जनुक नसलेला, असेल तर एकही मूल रुग्ण होणार नाही. हे साधं गणित न करता मोडलेल्या सोयरिकी जवळपास प्रत्येक तालुक्यात सापडतील.

आता असा प्रकार, ज्यात दोषी माणूस शोधून सापडत नाही. करोनात गावोगावच्या आशाताईंच्या हाती ऑक्सिमीटर आला. तो बोटातून दोन प्रकारचा उजेड सोडतो, ६६० नॅनोमीटरचा तांबडा आणि ९४०चा डोळ्यांना न दिसणारा. रक्त दोन्ही किती शोषतं त्यावरून ऑक्सिजनचा आकडा काढतो. कातडीतलं मेलॅनिनही तांबडा उजेड शोषतं. ही गडबड दुरुस्त करायची तर यंत्र गडद कातडीवर पुरेसं तपासायला हवं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची २०१३ची अट अशी होती: किमान १० निरोगी माणसं घ्या, त्यात किमान २ किंवा १५ टक्के, जे जास्त असेल तितकी, गडद वर्णाची. डिसेंबर २०२०मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी यंत्राचा आकडा धमनीतल्या रक्ताच्या तपासणीशी ताडून पाहिला. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन ८८च्या खाली गेलेला, असं कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा आढळलं, गोऱ्यांत ३.६ टक्के. यंत्र बनवणाऱ्याने कोणाचा दुस्वास केला नव्हता. नमुन्यात कोण घ्यायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं.

धानाच्या बांधीत उन्हाने रापलेल्या बोटावर हे यंत्र लावताना म्हणून काही गोष्टी पाळायच्या. बोट कोमट असावं, नेलपॉलिश काढलेलं असावं, आकडा स्थिर व्हायला मिनिटभर द्यावं. एका आकड्यावर विसंबू नये, उतार कसा आहे ते पाहावं. आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजावा. मोठ्या माणसाचे मिनिटाला २४च्या वर गेले आणि यंत्र ९५ दाखवत असलं, तर यंत्र बाजूला ठेवून गाडी बोलवावी.

दुसरी पायरी कायद्यात कशी उतरते, याचा नमुना यवतमाळ-अमरावतीच्या पारधी बेड्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, आजही दिसतो. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. चौकीवर हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, म्हणून त्या ‘विमुक्त’. पण चोरी झाली की आधी बेड्यावर जायचं ही सवय कागद फाडून जात नाही. तुरुंगाच्या नियमावल्यांत ती शिल्लक होतीच. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरणाऱ्या आणि जातीवरून कामं वाटणाऱ्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ला रद्द केल्या.

मग जातिभेद हा वंशवाद का? हा वाद २००१मध्ये डर्बनला झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशवादविरोधी परिषदेत चांगलाच पेटला होता. जात म्हणजे वंश नव्हे, ही भारत सरकारची भूमिका. जीवशास्त्राच्या अंगाने ती बरोबर आहे. ७३ समाजगटांच्या जनुकांचा २०१३ साली अभ्यास झाला. १९०० ते ४२०० वर्षांपूर्वीच्या काळात इथली माणसं मोठ्या प्रमाणावर मिसळली आणि त्यानंतर आपसांतच लग्नं करू लागली, असं त्यात दिसलं. मिसळण जवळजवळ सगळ्यांत आहे, कुठे जास्त कुठे कमी. कुंपणं मागाहून घातलेली. पण त्या अर्थाने ‘वंश’ तरी कुठे आहेत? रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२मध्ये १७ जनुकांवरून दाखवलं होतं की माणसामाणसांतला ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतो. तेव्हा वंश नसतानाही वंशवाद असतो, तसा जातीचाही असू शकतो. वंशभेदाविरुद्धच्या १९६५च्या आंतरराष्ट्रीय करारात वंश, रंग यांच्या जोडीला ‘कूळ’ हा शब्द आहे आणि तो भारताच्याच सूचनेवरून आला. संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीने २००२ साली त्या शब्दात जात येते असं स्पष्ट केलं, तेव्हा आपण हात झटकले. आपल्या संविधानाच्या कलम १५ने हा पेच ठेवलेलाच नाही. ‘वंश’ आणि ‘जात’ तिथे शेजारीशेजारी आहेत.

परत नळीकडे येऊ. आडनावावरून यादी केली की दोन्हीकडून नुकसान होतं. यादीतलं पोर तापाने आलं तरी ‘सिकलसेलवालं’ म्हणून त्याच्याकडे बघतात, आणि मोठा झालेला रुग्ण हाडं फुटण्याच्या वेदनेने कण्हत असला तर त्याला इंजेक्शनची चटक लागली म्हणतात. यादीबाहेरचं पोर वर्षानुवर्षं संधिवाताच्या गोळ्या खात राहतं. सांधे दुखतात, डोळे पिवळे होतात, हातपाय सुजतात, पण ‘आपल्यात नसते’ म्हणून तपासणी होतच नाही. यादी करायची तर गावावार आणि वयावार करावी.

आणि नळीवर थांबू नये. गढूळ द्रावण एवढंच सांगतं की सिकल हिमोग्लोबिन आहे. एएस की एसएस ते सांगत नाही. रक्त फारच कमी असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर रुग्णाचीही नळी नितळ राहू शकते. पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी, झालीच पाहिजे. त्या अहवालावर हिमोग्लोबिन ए आणि एस यांचे टक्के वेगवेगळे छापलेले असतात. एस ३०-४०च्या आसपास आणि ए त्याहून जास्त असेल तर बहुधा वाहक. ए औषधालाही नसेल आणि अलीकडे रक्त चढवलेलं नसेल तर रुग्ण समजून पुढची तपासणी आणि उपचार. आडनावाचा रकाना अहवालाच्या अगदी वर असतो, तो फक्त नळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून.