मुतखड्याचा आहारातून प्रतिबंध

मूत्रपिंडात किंवा मूत्राशयात खडे होऊ नयेत, आणि एकदा होऊन गेलेले पुन्हा होऊ नयेत, यासाठी पाणी व खाणेपिणे यांत केलेला बदल. खडा एकदा झाला की पुढच्या ५ ते १० वर्षांत सुमारे निम्म्या रुग्णांना तो पुन्हा होतो. त्यामुळे पथ्याचा खरा उपयोग पहिला खडा पडल्यानंतर सुरू होतो.

लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक आम्ल असे पदार्थ विरघळलेले असतात. पाणी कमी पडले की ते मावेनासे होतात, त्यांचे स्फटिक बनतात आणि एकमेकांना चिकटून खडा तयार होतो. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. त्याखेरीज कॅल्शियम फॉस्फेट, युरिक आम्ल, जंतुसंसर्गातून होणारा स्ट्रुव्हाइट आणि आनुवंशिक दोषामुळे होणारा सिस्टिन असे प्रकार आहेत. प्रकार बदलला की पथ्यही बदलते. म्हणून पडलेला खडा फेकून न देता तपासणीला देणे आणि २४ तासांची लघवी तपासून घेणे हे पथ्याच्या कोणत्याही यादीपेक्षा अधिक उपयोगी आहे.

सर्व प्रकारांना लागू पडणारा उपाय एकच : पाणी. मात्र किती पाणी प्यायले यापेक्षा किती लघवी झाली हे मोजायचे असते. दिवसाला किमान २ ते २.५ लिटर लघवी व्हावी, असे उद्दिष्ट ठेवतात. उन्हात किंवा भट्टीजवळ काम करणाऱ्याचे पाणी घामावाटे जाते, त्यामुळे त्याला त्याच हिशेबाने अधिक प्यावे लागते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन चाचणीत पहिलाच खडा झालेल्या १९९ रुग्णांपैकी निम्म्यांना भरपूर पाणी प्यायला सांगितले होते. पाच वर्षांत त्यांच्यापैकी १२ टक्क्यांना, तर इतरांपैकी २७ टक्क्यांना पुन्हा खडा झाला. झोपेत लघवी दाट होत असल्याने रात्री झोपण्यापूर्वी पाणी पिण्याला महत्त्व आहे. हृदय किंवा मूत्रपिंड दुर्बल असलेल्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

‘खड्यात कॅल्शियम आहे, तेव्हा दूध बंद’ हा सल्ला दीर्घकाळ दिला गेला, आणि तो उलटाच ठरला. अन्नातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते व ते मलावाटे बाहेर जाते. कॅल्शियम तोडले की मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात शोषले जाऊन लघवीत उतरते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लघवीतून जास्त कॅल्शियम जाणाऱ्या १२० पुरुषांची तुलना केली होती. कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ व प्राणिज प्रथिने कमी केलेल्या गटात पाच वर्षांत २० टक्क्यांना, तर कॅल्शियम कमी केलेल्या गटात ३८ टक्क्यांना खडे परतले. प्रौढाने दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम अन्नातून, तेही जेवणाबरोबर घ्यावे. जेवणाशी संबंध न ठेवता घेतलेल्या गोळ्यांना हे लागू होत नाही.

मिठाकडे त्या मानाने दुर्लक्ष होते. सोडियम लघवीवाटे बाहेर पडताना कॅल्शियमही ओढून नेते. मांसाहार फार झाला तर लघवी आम्लधर्मी होते, युरिक आम्ल वाढते आणि खड्याला अटकाव करणारे सायट्रेट घटते. हे सायट्रेट लिंबूवर्गीय फळांतून मिळते. लिंबाचा रस पाण्यात घालून पिण्यामागचे कारण तेच, फक्त त्यात साखर ओतू नये. पालक, बीट, बदाम यांत ऑक्झलेट भरपूर असते. पालक उकडून पाणी टाकले तर ते बरेच कमी होते. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्याही टाळाव्यात, कारण शरीरात त्याचे काही प्रमाणात ऑक्झलेट बनते. फळांच्या बियांमुळे खडा होतो ही समजूत मात्र निराधार आहे. बी आतड्यातून मूत्रपिंडात पोहोचतच नाही.

आम्लधर्मी लघवीत होणारा युरिक आम्लाचा खडा लघवी अल्कधर्मी केल्यास विरघळू शकतो. हा उपचार सहसा पोटॅशियम सायट्रेटने, वैद्यकीय देखरेखीखाली केला जातो. कॅल्शियमचे खडे अशा रीतीने विरघळत नाहीत. पाषाणभेद, भुईआवळा, गोखरू अशा वनस्पती पूर्वापार वापरात आहेत, पण झालेला खडा त्या विरघळवतात असे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. पाषाणभेदाच्या नावातच दगड फोडण्याचा दावा असला तरी ही वनस्पती खडकांच्या फटींत वाढते, आणि नावाचे मूळ तेथेही असू शकते. स्ट्रुव्हाइटमध्ये तर संसर्ग हटवल्याशिवाय आहाराचा फारसा उपयोग नाही. ताप, थंडी किंवा लघवी अडकणे असल्यास घरगुती उपायांत वेळ घालवणे धोक्याचे.

मूत्राशयातील खड्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. प्रौढांत तो बहुधा लघवी पूर्ण न झाल्याने होतो : वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, मज्जातंतूंचे विकार किंवा दीर्घकाळ ठेवलेली नळी. तिथे अडथळा दूर करणे हाच प्रतिबंध. लहान मुलांत मात्र कारण थेट आहारात सापडते. दूध व प्राणिज प्रथिने जवळजवळ नसलेल्या, केवळ धान्यावर वाढलेल्या मुलांच्या लघवीत फॉस्फेट कमी पडते आणि अमोनियम युरेटचे खडे धरतात. युरोपात एके काळी हा आजार गरीब मुलांमध्ये सर्रास होता. आहार सुधारत गेला तसा विसाव्या शतकात तो तेथून जवळजवळ नाहीसा झाला.