अपाय म्हणजे नुस्तं नुकसान नाही

उपाय आणि अपाय ही सख्खी भावंडं आहेत हे खूप जणांच्या लक्षातच येत नाही. दोन्हीत धातू एकच, 'इ' म्हणजे जाणं. 'उप' लावला की जवळ जाणं, म्हणून उपाय, आणि 'अप' लावला की दूर जाणं, म्हणून अपाय. म्हणजे मुळात या शब्दात वाईट असं काही नव्हतंच. पाणिनीचं सूत्र आहे ना, 'ध्रुवमपायेऽपादानम्', शाळेत आपण पंचमीचे ऊन-हून घोकले ते अपादान हेच, तिथे अपाय म्हणजे फक्त सुटणं, झाडावरून पान गळलं तर ते गळणं. पुढे सुटणं म्हणजे गमावणं झालं, गमावणं म्हणजे नाश, आणि पाली भाषेत तर मरणानंतरच्या दुर्गतीलाच अपाय म्हणतात, नरक वगैरे अशा चार दुर्गती.

पण मराठीत आपण ज्या अर्थाने वापरतो तो मला पंचतंत्रातल्या बगळ्याच्या गोष्टीत सगळ्यात स्वच्छ दिसतो. साप पिल्लं खातो म्हणून बगळा रडत बसलेला, खेकडा त्याला सांगतो की मुंगसाच्या बिळापासून सापाच्या ढोलीपर्यंत माशांचे तुकडे टाकत ये. मुंगूस येतं, सापाला मारतं आणि मग झाडावरचे बगळेही एकेक करून खाऊन टाकतं. तिथलाच श्लोक, 'उपायं चिन्तयेत् प्राज्ञस्तथापायं च चिन्तयेत्', शहाण्याने उपायासोबत अपायाचाही विचार करावा.

म्हणून अपाय आणि अपकार एकाच मापाने वापरले की मला खटकतं. अपकारात करणाऱ्याचा हात असतो, तो उपकाराच्या विरुद्ध, बहुतेक वेळा मनात वाईटच असतं. नुकसान आणि इजा अरबी-फारसीकडून आलेले, नुकसान पैशाचं जास्त, इजा अंगाला. अपायाला वाईट हेतू लागत नाही, उलट चांगल्या हेतूच्या आडूनच तो जास्त येतो, आणि नेमकं हे सांगणारा दुसरा शब्द आपल्याकडे नाही. तरी आता तो बराचसा 'आरोग्यास अपायकारक' एवढ्यापुरताच उरलाय याचं खरंच वाईट वाटतं.

हात भाजला की घरातलं कोणीतरी काळजीने पळत जाऊन टूथपेस्ट आणतं आणि थापतं. क्षणभर गार वाटतं, पण आतली उष्णता कोंडते, आणि नंतर डॉक्टरला जखम बघायच्या आधी तो थर काढावा लागतो, तेव्हा सोललेली कातडी आणखी दुखते. नुस्तं नळाचं पाणी वीसेक मिनिटं सोडलं असतं तर तो उपाय होता. लावली ती पेस्ट, तो अपाय.