पुडीवरचा विंचू: तंबाखूच्या चित्रमय इशाऱ्यांची पार्श्वभूमी

३१ मे २००९ रोजी, जागतिक तंबाखूविरोधी दिनाचा मुहूर्त साधून, देशभरातल्या तंबाखूच्या पुड्यांवर विंचू आला. विडी-सिगारेटच्या वाट्याला खराब झालेल्या फुप्फुसांचे चित्र आणि छातीचा एक्स-रे आला, खाण्याच्या तंबाखूला विंचू मिळाला. तंबाखूने जीव जातो, अशी ओळ सोबत होती. ज्या कायद्याने पुडीवर चित्र सक्तीचे केले तो २००३ सालचा. म्हणजे सहा वर्षे वाट पाहून देशाला जे चित्र मिळाले ते हे. पुढे अडीच वर्षे तेच राहिले.

आज पुडीवर तोंडाच्या कर्करोगाचे जे उघडे चित्र दिसते, त्याच्यामागे विंचवाचा हा इतिहास आहे. तो फारसा सांगितला जात नाही.

शब्दांनी सांगून झाले होते. १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर ‘वैधानिक इशारा’ सक्तीचा केला. पण तो कायदा फक्त सिगारेटपुरता होता. विडी त्यात नव्हती, मळून खायची तंबाखू नव्हती. पाकिटावरची ओळ बहुधा इंग्रजीत, बारीक टायपात असे. सिगारेट ओढणारा शहरी, शिकलेला गडी ती वाचू शकत होता. शेताच्या बांधावर बसून विडी शिलगावणाऱ्याला, गिरणीच्या पाळीवर जाता जाता बार भरणाऱ्याला त्या ओळीने एक अक्षरही सांगितले नाही. ‘वैधानिक इशारा’ हा शब्दच मराठीत पुढे थट्टेचा झाला, आपण तो कशालाही लावतो. इशारा झिजून गेल्याची याहून चांगली खूण नाही.

म्हणून चित्र. कॅनडातील पाकिटांवर २००१ मध्ये मोठी रंगीत चित्रे आली होती आणि तिथल्या अनुभवाची जगभर चर्चा होती. आपल्याकडे चित्राची गरज तिथल्यापेक्षा कितीतरी जास्त होती. वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत पोहोचायचे आणि तेही तो तंबाखू हातात घेतो नेमक्या त्याच क्षणी, तर पुडीएवढी चांगली जागा दुसरी नाही. भिंतीवरच्या जाहिरातीजवळून माणूस दिवसातून एकदा जातो, पुडी दहा वेळा काढतो. शिवाय त्या जागेचे भाडे सरकारला द्यावे लागत नाही. माध्यमाची निवड अचूक होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. घोळ झाला तो चित्राच्या निवडीत.

२००३ च्या कायद्यात मूळ तरतूद कवटी आणि खाली फुलीसारख्या दोन हाडांची होती. ही खूण आपल्याकडे अनोळखी नाही. विजेच्या डीपीवर, उच्चदाबाच्या खांबावर तीच असते. ‘धोका’ असे लिहिलेले वाचता येवो न येवो, पोरगेसुद्धा त्या खांबापासून लांब राहते. जुलै २००६ मध्ये नियम निघाले. त्यात मृतदेहाचे, तोंडाच्या कर्करोगाचे, बाळाचे अशी चित्रे होती आणि पाकिटाच्या दोन्ही बाजू निम्म्या व्यापायच्या होत्या. अंमलबजावणी फेब्रुवारी २००७ पासून ठरली. ती झाली नाही. मग पुढची तारीख, मग त्यापुढची. शिमल्याच्या उच्च न्यायालयात जनहित याचिका चालू होती, तिथे दर वेळी सरकारला उत्तर द्यावे लागे. तो तगादा नसता तर २००९ सुद्धा उजाडले नसते.

अडवणूक कुठून होती? विडी-पट्ट्यातून. लाखो कामगारांची रोजी बुडेल, असा त्यांचा मुद्दा होता. तो मुद्दा हवेतला नव्हता. सिन्नर, संगमनेर, सोलापूर ही नावे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना विडी वळणाऱ्या बाईचे दिवसभराचे बसणे माहीत आहे: मांडीवर सूप, भिजवलेली तेंदूची पाने, कात्री, पानात चिमूटभर जर्दा, आणि हजार विड्या झाल्या की कारखान्यात जाऊन मोजून देणे. त्यातल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला टाकल्या जातात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. तिच्या मजुरीचा प्रश्न खरा होता, पण कवटीचे चित्र यायच्या कितीतरी आधीपासून तो तसाच पडून होता. तिचे नाव पुढे करून चित्र मागे सारले गेले, तिच्या मजुरीबद्दल त्या घाईने कोणी बोलले नाही. कवटीने धार्मिक भावना दुखावतील, असेही त्या वेळी मांडले गेले. २००७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन कवटीची सक्ती गेली. २००८ च्या नियमांत दोन बाजूंऐवजी फक्त दर्शनी बाजू राहिली, निम्म्याऐवजी ४० टक्के जागा राहिली. आणि मृतदेह, बाळ, तोंडाचा कर्करोग ही सगळी चित्रे जाऊन विंचू आला.

विंचू म्हणजे कर्करोगाचे प्रतीक, असा खुलासा होता. इथे थोडे थांबायला हवे, कारण सगळा गुंता याच ठिकाणी आहे.

कर्करोगातला ‘कर्क’ म्हणजे खेकडा. कर्क राशीचे चित्र खेकड्याचे असते, ते कोणत्याही पंचांगात पाहायला मिळते. विंचू ही वृश्चिक रास. पाश्चात्त्य परंपरेतही या रोगाला खेकड्याचेच नाव आहे, गाठीभोवती पसरलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात म्हणून. म्हणजे प्रतीक म्हणून पाहिले तरी प्राणी चुकला होता. आणि समजा खेकडा छापला असता, तरी काय झाले असते? कोकणातल्या किंवा घाटावरच्या माणसाला खेकडा म्हटले की कालवण आठवते, ‘कॅन्सर’ आठवत नाही. हा रोग आपल्याकडे बोलताना ‘कॅन्सर’ म्हणूनच ओळखला जातो, ‘कर्करोग’ हा शब्द कागदावरचा. कागदावरच्या शब्दाचे प्रतीक, तेही चुकीचे, न वाचणाऱ्या माणसासाठी निवडले गेले.

त्याहून मोठी चूक ‘छाप’ या शब्दाशी निगडित आहे. आपल्या बाजारात माल छापेवरून ओळखला जातो. गाय, घोडा, उंट, वाघ, कंदील, छत्री. काडेपेटी, विडीचे बंडल, तंबाखू, चहा, साबण, सगळ्याला छाप आहे. टपरीवर माणूस उत्पादकाचे नाव सांगत नाही, अमुक छाप दे म्हणतो. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून कोट्यवधी निरक्षर मतदारांनी चिन्ह ओळखून मत दिले आहे. चित्र वाचायची ही सवय आपल्या लोकांत पक्की आहे, आणि त्या सवयीत पुडीवरच्या प्राण्याचा अर्थ एकच: हा माल कोणाचा. इशारा हा अर्थ त्यात बसतच नाही. तंबाखूच्या पुडीवर विंचू दिसला की ‘विंचू छाप’ असे वाटणे, यात बघणाऱ्याचे अडाणीपण कुठेही नाही. तो चित्र बरोबर वाचत होता. ज्यांनी ते निवडले त्यांना आपल्या लोकांचे वाचन माहीत नव्हते.

तिसरी गोष्ट चवीची. तंबाखू खाणारे मालाची पारख कशी करतात ते ऐकावे. कडक आहे का, लागते का, झटका देते का. तळहातावर चिमूट घेतात, डबीतून नखावर चुना काढतात, अंगठ्याने मळतात, दोन थापा मारून भुसा उडवतात आणि उरलेली गोळी खालच्या ओठात ठेवतात. पहिल्याच क्षणी ओठाची आग झाली पाहिजे. विंचवाचा डंख म्हणजे आगच. या माणसासमोर विंचू ठेवून तुम्ही त्याला मालाच्या कडकपणाची ग्वाही देता. मालकाने स्वतः पैसे खर्चून याहून चांगली छाप निवडली नसती.

खुणा लोकांच्या अंगवळणी पडत नाहीत, असे मात्र मी म्हणणार नाही. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण पाहा. उलट्या त्रिकोणाचा मूल होण्या-न होण्याशी काडीचा संबंध नाही. तरी एका पिढीला तो नुसता दिसला की अर्थ कळे. पण त्यामागे वर्षानुवर्षे रंगवलेल्या भिंती होत्या, रेडिओ होता, आणि मुख्य म्हणजे दारात येऊन बोलणारी नर्सबाई होती. विंचवामागे असे कोणीच उभे नव्हते. पुडीवर त्याला एकटा सोडून दिला होता.

महाराष्ट्रासाठी ही चूक अधिक महागाची होती. २००९-१० च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले ३१.४ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते आणि धूरविरहित तंबाखू घेणारेच २७.६ टक्के होते. ओढणारे थोडे, खाणारे आणि लावणारे फार. एक्स-रेचे चित्र ज्यांच्यासाठी होते ते आपल्याकडे मूठभर. आपल्या वाट्याला मुख्यतः विंचू होता.

१ डिसेंबर २०११ रोजी तो गेला. खाण्याच्या तंबाखूवर तोंडाच्या कर्करोगाची खरी छायाचित्रे आली. २०१३ मध्ये चित्रे पुन्हा बदलली, कारण एकच चित्र फार दिवस राहिले की नजर त्यावरून घसरते. त्या दोन वर्षांबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही.

खरी लढाई पुढे आकारावरून झाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये अधिसूचना निघाली: पुढे-मागे दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्यासाठी, त्यातला ६० टक्के चित्राला आणि २५ टक्के मजकुराला. १ एप्रिल २०१५ पासून लागू. तारीख तोंडावर आली असताना संसदेच्या एका समितीने ती पुढे ढकलावी असे सुचवले. समितीचे अध्यक्ष महाराष्ट्रातलेच खासदार होते. तंबाखूने कर्करोग होतो असे दाखवणारा भारतीय अभ्यास नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या राज्यातल्या परळच्या रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगाचे रोगी देशभरातून येऊन फुटपाथवर मुक्काम करतात, त्या राज्याच्या लोकप्रतिनिधीने हे म्हणावे, याचे दुःख आजही कमी झालेले नाही. अंमलबजावणी थांबली. सरकारी जाहिरातीत आपला ऑपरेशन झालेला चेहरा दाखवायला तयार झालेली एक तरुण स्त्री नेमकी १ एप्रिल २०१५ रोजी गेली. मोठ्या चित्रासाठी तिने पंतप्रधानांना पत्र लिहिले होते.

वर्षभराने, १ एप्रिल २०१६ रोजी, ८५ टक्क्यांचा नियम लागू झाला. त्याआधी समितीने ५० टक्के पुरेत असा अहवाल दिला होता. मोठ्या उत्पादकांनी काही दिवस कारखाने बंद ठेवले. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम पाळायला सांगितले. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो रद्द केला. जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. चित्र राहिले. इशाऱ्याच्या आकारानुसार लावलेल्या जागतिक क्रमवारीत भारत १३६ व्या स्थानावरून थेट तिसऱ्यावर आला. सप्टेंबर २०१८ पासून चित्राखाली व्यसन सोडवायला मदत करणारा टोल-फ्री नंबरही छापला जाऊ लागला. लाल त्रिकोणाला नर्सबाई होती, चित्राला आता निदान फोनवरचा आवाज मिळाला.

याच काळात दुसरे माध्यमही हाताशी आले. ऑक्टोबर २०१२ पासून चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी फिती दाखवणे सक्तीचे झाले. त्यातल्या एका फितीतला मुलगा आपल्या भुसावळचा होता. थिएटरात अंधार असतो, पडदा मोठा असतो आणि उठून जाता येत नाही. तिथे प्रतीकाची गरजच पडली नाही. एक मुलगा नळी लावलेल्या अवस्थेत स्वतःचे नाव सांगतो, एवढे पुरले. ज्यांनी विंचू मंजूर केला होता, त्याच व्यवस्थेने हेही केले, हे नोंदवायला हवे.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांनी पाकिटावरच्या इशाऱ्यामुळे सोडायचा विचार केल्याचे सांगितले. विडी ओढणाऱ्यांत हे प्रमाण ५४ टक्के निघाले, धूरविरहित तंबाखूवाल्यांत ४६. विचार करणे आणि सोडणे यांत मोठे अंतर आहे, पण विंचवाने विचारही करायला लावला नसता. महाराष्ट्रातले एकूण प्रमाण तोपर्यंत २६.६ टक्क्यांवर उतरले होते. त्यातले श्रेय एकट्या चित्राचे नाही. जुलै २०१२ पासूनची गुटखाबंदी आहे, करवाढ आहे, शाळांतले काम आहे.

४६ हा आकडा मात्र टोचतो. पुडी हे माध्यम पुडी हातात असेल तेवढाच वेळ चालते. सिगारेट सुटी घेतली की पाकीट टपरीवाल्याकडेच राहते आणि चित्रही. म्हणूनच २४ सप्टेंबर २०२० रोजी महाराष्ट्राने सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आणली. ती टपरीवर कितपत पाळली जाते, ते संध्याकाळी कोणत्याही एसटी स्टँडबाहेर उभे राहून पाहता येते. चोरून येणाऱ्या गुटख्यावर नियमाचे चित्र असण्याचा प्रश्नच येत नाही. आणि खाणारा पुडी विकत घेतल्याबरोबर ती फाडतो, तंबाखू चंचीत किंवा दोन तोंडांच्या डबीत ओततो, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. ८५ टक्के चित्र असलेला कागद तिथल्या तिथे गटारात जातो. पुढचे चार दिवस त्याच्या हातात येते ती गुळगुळीत पत्र्याची डबी.

मशेरीचे तर त्याहून अवघड. बाया तंबाखू आणून तव्यावर भाजतात, ठसका लागेपर्यंत काळी करतात, चुरून एखाद्या रिकाम्या पावडरच्या डब्यात भरतात. सकाळी उठल्यावर बोटाने दाताला लावतात, दुपारी कामात जरा डोके दुखले की पुन्हा. घरातल्या लहान मुलीही कधी कधी त्याच डब्यात बोट घालतात. त्या डब्यावर आजही पावडर लावलेल्या बाळाचे हसरे चित्र असते.