ठिणगीवर चालणारं इंजिन आणि दाबावर चालणारं इंजिन

पेट्रोल गाडी आणि डिझेल गाडी यांत फरक काय, असं विचारलं की बोलणं पंपावरच्या भावापासून सुरू होतं आणि मायलेजवर थांबतं. दोन्ही इंजिनं उघडून शेजारी ठेवली, तर नवख्या माणसाला पटकन फरक सांगता यायचा नाही. सिलिंडर, पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँकशाफ्ट, व्हॉल्व्ह सगळं दोन्हीकडे आहे. चार स्ट्रोकही तेच: सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट. वेगळी आहे ती इंधन पेटवण्याची रीत. आवाज, वजन, मायलेज, धूर, किंमत आणि घाटातली ओढ यांतले बहुतेक फरक तिथूनच निघतात.

पेट्रोल इंजिनात सहसा हवा आणि पेट्रोल आधीच एकत्र होतात. पिस्टन ते मिश्रण साधारण नऊ ते बारा पट दाबतो आणि नेमक्या क्षणी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. निकोलाउस ओटो यांनी १८७६ साली जर्मनीत चार स्ट्रोकचं इंजिन यशस्वी केलं, त्याच घराण्यातली ही इंजिनं.

डिझेल इंजिनात पिस्टन नुसती हवा ओढून घेतो आणि ती पंधरा ते वीस पट दाबतो. सायकलला हवा भरताना पंपाचं नळकांडं तापतं, ते हाताला लागलेलं असतंच. इथे तोच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर घडतो. हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा मारतं. फवारा आत शिरताच आपोआप पेटतो. प्लग नाही, ठिणगीही नाही. रुडॉल्फ डिझेल यांचं असं इंजिन १८९७ साली आउग्सबुर्गला चाचणीत उतरलं, तेव्हा त्याने इंधनातल्या ऊर्जेपैकी सुमारे २६ टक्के ऊर्जा कामाला लावली. त्या काळची बरीचशी वाफेची इंजिनं १० टक्क्यांच्या आसपास घुटमळत होती.

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. पेट्रोल तर भडकू असतं, उघड्या भांड्याजवळ काडी नेली तरी पेट घेतं. डिझेल तसं सहजी पेटत नाही. मग ठिणगीची गरज पेट्रोललाच का? कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेट्रोलची वाफ लगेच होते, म्हणून बाहेरची ज्वाला ते चटकन पकडतं. पण बाहेरची ज्वाला नसताना, केवळ उष्णतेने आपणहून पेटण्यात डिझेल पुढे आहे. त्याचे लांबलचक रेणू तापल्यावर लवकर तुटतात आणि पेट घेतात.

म्हणून दोन्ही इंधनांची प्रत मोजायची मापंही उलटी आहेत. पेट्रोलचं ऑक्टेन म्हणजे दाबाखाली आपणहून न पेटण्याची ताकद. डिझेलचं सिटेन म्हणजे आपणहून पटकन पेटण्याची तयारी. पेट्रोल इंजिनात मिश्रणाचा एखादा भाग ज्वाला पोचण्याआधीच पेटला की टकटक आवाज येतो. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात आणि तसंच चालू राहिलं तर पिस्टनला मार बसतो. पेट्रोल इंजिनात जो बिघाड ठरतो, त्याच आपोआप पेटण्यावर डिझेल इंजिनाचा सगळा कारभार उभा आहे. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं जातं, डिझेलमध्ये नाही, याचं एक मोठं कारणही हेच. इथेनॉलचं ऑक्टेन चांगलं वर आहे, पण सिटेन अगदीच कमी, आणि डिझेलशी ते नीट मिसळूनही राहत नाही.

मायलेजचं गणितही इथेच सुटतं. जास्त दाबलेली हवा फुगताना इंधनातली जास्त ऊर्जा पिस्टनला देते. शिवाय पेट्रोल इंजिनात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की थ्रॉटलची झडप हवेची वाट अडवते आणि त्या अडलेल्या वाटेतून हवा ओढण्यातच थोडी शक्ती खर्ची पडते. डिझेलमध्ये हवा जवळजवळ मोकळी येते. कमी-जास्त होतं ते डिझेल. त्यामुळे ट्रॅफिकमध्ये रेंगाळताना डिझेल गाडी फार कमी पिते. त्यात एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त असते. म्हणजे लिटरमागचं सगळं श्रेय इंजिनाला देणं बरोबर नाही.

इतका दाब सोसायचा म्हणून ब्लॉक जाड, क्रँक दणकट, पिस्टन जड. फवारा हवेत मिसळून जळायलाही थोडा वेळ लागतो, म्हणून इंजिन फार फिरत नाही. ट्रकचं इंजिन बहुधा मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या आतच काम करतं, तर पेट्रोल कार ६००० च्या पुढे सहज जाते. त्यात टर्बोची, म्हणजे जास्तीची हवा आत कोंबणाऱ्या पंख्याची, जोड मिळाली की कमी फेऱ्यांतच मोठा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, हाती येतो. कसारा घाटात भरलेला ट्रक हळू पण न थकता चढतो, तो याच जोरावर.

हे तत्त्व उघड्या डोळ्यांनी पाहायचं असेल, तर विहिरीवरचं जुनं हँडल मारायचं इंजिन पाहा. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ ची. तेव्हापासून किती गावांची शेतं अशा इंजिनांनी भिजवली! ते चालू करताना आधी डिकॉम्प्रेशनचा खटका उचलतात. त्याने व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा दाबली जात नाही आणि हँडल हलकं फिरतं. फ्लायव्हीलने, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाने, वेग घेतला की खटका सोडायचा. व्हॉल्व्ह बंद होतो, फ्लायव्हीलच्या जोरावर पिस्टन हवेला चिरडत वर जातो, पहिला ठोका पडतो आणि काळ्या धुराचा झोत निघतो. बॅटरी नाही, कॉइल नाही, प्लग नाही. मात्र टाकी पूर्ण कोरडी पडली की इंजिन एअर पकडतं, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरते. मग नुसतं डिझेल ओतून भागत नाही. नळीचा नट ढिला करून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी लागते. बुडबुडा दाबला जातो, डिझेल दाबलं जात नाही, आणि नोझल उघडायला तो दाबच हवा असतो.

आजच्या गाड्यांत फवारा मारायचं काम कॉमन रेल पद्धतीने होतं. पुण्याजवळच्या रांजणगावला बनलेलं फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट इंजिन कितीतरी भारतीय गाड्यांत बसलं, तेही याच पद्धतीचं. इथे पंप १६०० बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब) किंवा त्याहून जास्त दाबाने डिझेल एका समाईक नळीत साठवतो आणि इंजेक्टर एकेका स्ट्रोकला ते अनेक छोट्या फवाऱ्यांत सोडतात. आधी चिमूटभर फवारा, मग मुख्य फवारा. पेट हळुवार सुरू होतो, त्यामुळे जुना खडखडाट बराच कमी झाला.

धुराच्या बाबतीत मला डिझेलची बाजू घेता येत नाही. फवाऱ्याच्या मधोमध हवा पोचत नाही, तिथे काजळी तयार होते. कडेला भरपूर हवा आणि उष्णता, तिथे नायट्रोजनची ऑक्साइड्स तयार होतात. पेट्रोल इंजिन हवा आणि इंधन यांचं प्रमाण काटेकोर सांभाळतं, म्हणून त्याच्या धुराच्या वाटेतलं एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तीन प्रकारचे दूषित वायू एकदम आवरतं. डिझेलच्या धुरात प्राणवायू उरलेला असतो, तिथे ही युक्ती चालत नाही. म्हणून एप्रिल २०२० पासून बीएस-सहा या धुराच्या नियमांखालच्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर आणि ऑक्साइड्ससाठी वेगळी सोय लागली. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी युरियाचं द्रावणही भरावं लागतं. छोट्या डिझेल गाड्यांना हा खर्च झेपला नाही आणि मारुती सुझुकीने तेव्हाच डिझेल बंद केलं.

त्या फिल्टरमधली काजळी जाळायला तो सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. रोज घर ते ऑफिस चार किलोमीटर गाडी चालवली तर तो तापतच नाही, तुंबतो. त्यामुळे शहरातल्या छोट्या फेऱ्यांसाठी डिझेल गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. महिन्याला दोन-तीन हजार किलोमीटर हायवे असेल, ओझं ओढायचं असेल, तर मात्र डिझेलला आजही तोड नाही.

पंपावर चुकून उलटं इंधन पडलं तर काय, हेही याच फरकावर ठरतं. पेट्रोल गाडीत डिझेल पडलं तर प्लग काळे होतात, गाडी धूर ओकते आणि बंद पडते. त्रास होतो, पण टाकी, लाइन आणि प्लग साफ करून बहुधा निभावतं. डिझेल गाडीत पेट्रोल पडणं जास्त महाग. हाय-प्रेशर पंपाला वंगण डिझेलच पुरवतं. पेट्रोलने ते धुऊन निघतं, धातूवर धातू घासतो आणि त्याचा कीस रेलपासून इंजेक्टरपर्यंत पसरतो. चूक पंपावरच लक्षात आली तर चावी फिरवू नका, इग्निशन ‘ऑन’सुद्धा करू नका, कारण कित्येक गाड्यांत तेवढ्यानेच टाकीतला पंप इंधन पुढे ढकलू लागतो. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या.