प्रकाश मंदावतो, म्हणजे नेमकं काय होतं?

"1999 साली अतिथंड सोडियम वायूत प्रकाश सेकंदाला 17 मीटरवर आणला, म्हणजे आइन्स्टाइन चुकला." हा समज चूक आहे. मंदावतो तो स्पंदाचा, म्हणजे प्रकाशाच्या छोट्या झोताचा, समूहवेग: त्यातल्या लहरींचा घोळका एकत्र पुढे सरकतो तो वेग. आइन्स्टाइननं अचल मानलेला निर्वातातला वेग तसाच राहतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यातही लाटांचा घोळका एकेका लाटेच्या निम्म्याच वेगानं सरकतो.

चिपवर हेच साधायला सिलिकॉनमध्ये साधारण 400 नॅनोमीटर अंतरानं भोकांची जाळी कोरतात. ठरावीक तरंगलांबीजवळ पुढे-मागे परावर्तनं होऊन स्पंद रेंगाळतो. शेजारचा सूक्ष्म हीटर तापवला की सिलिकॉनचा अपवर्तनांक (पदार्थात प्रकाशलहरी किती पट हळू चालतात तो आकडा) दर अंशाला सुमारे 0.0002 ने वाढतो, ती तरंगलांबी सरकते आणि वेग बदलतो. अडचण खरी इथेच: वेग जितका कमी, तितका चालणाऱ्या तरंगलांबींचा पट्टा अरुंद. स्पंद पसरतो, भोकांच्या खडबडीत कडांवर प्रकाश विखुरतो.