विमान जमिनीवर असतानाचे नियम आले कुठून

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोऱ्यावरून मुंबईचं विमान सुरू झालं अन् आपल्या इकडच्या खेड्यापाड्यातले लोकही पहिल्यांदा विमानात बसून राहिले. त्यात एक तक्रार हमखास ऐकू येते, की विमानाजवळ उभं राहून फोटो काढू देत नाहीत, जरा इकडंतिकडं पाय टाकला का स्टाफ ओरडतो. राजेहो, ते ओरडतात काऊन, हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागते.

सुरुवातीच्या काळात टॅक्सीवे (विमानानं रनवेपर्यंत जायचा-यायचा रस्ता) वगैरे काही नव्हतं, मोकळं मैदान असायचं, एक जण हातानं पंखा फिरवून इंजिन चालू करायचा, अन् कितीतरी विमानांना ब्रेकच नसायचे म्हणून चाकांखाली लाकडाचे ठोकळे लावायचे, उतारावर बैलगाडीच्या चाकाखाली दगड लावतो तसे. तेच हे चॉक, आजही विमान बे वर, म्हणजे उभं राहायच्या जागेवर येऊन थांबलं की आधी चॉकच लागतात.

मग रहदारी वाढली. आपल्या नागपूरचंच पाहा, १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चारही बाजूंची विमानं मध्यरात्री सोनेगाव विमानतळावर उतरायची, थैल्यांची अदलाबदल करायची अन् उजाडायच्या आत परत. असं जगभर वाढत गेलं तेव्हा खुणा एकसारख्या करणं भागच होतं, १९५१ मध्ये आयकाओनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं, विमानतळांसाठी अ‍ॅनेक्स १४ हे नियमांचं परिशिष्ट आणलं. रनवेवरच्या खुणा पांढऱ्या, टॅक्सीवेच्या पिवळ्या, टॅक्सीवेच्या कडेचे दिवे निळे, हे आज कुठंही गेलं तरी तेच दिसते.

पण नुसत्या रंगानं भागलं नाही. २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरिफ बेट. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून सगळी विमानं इथल्या छोट्या विमानतळावर वळवलेली, टॅक्सीवे उभ्या विमानांनी भरलेला, त्यामुळं निघणाऱ्या विमानांना रनवेवरूनच उलटं चालत टोकाला जावं लागत होतं, त्यात धुकं इतकं की टॉवरला विमान दिसत नव्हतं. एक जंबो जेट विमान रनवेवर असतानाच दुसऱ्यानं परवानगी नसताना टेकऑफ सुरू केला, नेमके त्याच क्षणी दोन मेसेज रेडिओवर एकमेकांवर आदळले अन् महत्त्वाचं ऐकूच गेलं नाही. ५८३ लोक गेले. तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द खरी परवानगी देतानाच किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, अन् पायलटनं नुसतं ओके म्हणून चालत नाही, सूचना पूर्ण परत म्हणून दाखवायची. मला विचाराल तर जमिनीवरच्या सुरक्षेत याच्याएवढा मोठा बदल दुसरा नाही. तरी २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदाला रनवेवर थांबलेल्या तटरक्षक दलाच्या विमानावर उतरणारं प्रवासी विमान आदळलंच. मोठ्या विमानातले ३७९ जण वाचले, छोट्यातले पाच गेले.

छोट्या विमानतळांवर बऱ्याच ठिकाणी रनवेला समांतर टॅक्सीवे नसतो, उतरलेलं विमान टोकाला वळून रनवेवरूनच परत येते, म्हणून ते बाजूला झाल्याशिवाय दुसऱ्याला परवानगी नाही. मागचं विमान वर घिरट्या घालत असलं तर वैतागू नका.

आता त्या ओरडण्याचं. पोटाखाली अन् पाठीवर जो लाल दिवा लुकलुकते तो चालू आहे म्हणजे इंजिन चालू आहे किंवा होणार आहे असं धरायचं, तो बंद होईस्तोवर जवळ जायचं नाही. एटीआर या पंख्याच्या छोट्या प्रवासी विमानात तर गंमत वेगळीच, उभं असताना पंखा ब्रेकनं थांबवून उजवं इंजिन विजेसाठी चालूच ठेवता येते, म्हणजे पंखा थांबला म्हणून इंजिन बंद असं नाही. अन् फिरता पंखा डोळ्याला दिसतच नाही. जेटचं इंजिन तर माणूस ओढून घेते, डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईत पुशबॅक (विमान मागं ढकलणं) झाल्यावर इशारा समजण्यात चूक झाली अन् एक टेक्निशियन त्यात गेला. रोज हेच काम करणारा माणूस होता तो.

पार्किंगचीही गोष्ट आपल्याच घरची आहे. १९९१ मध्ये सोनेगावला उतरलेलं एक बोइंग ७२० परत उडालंच नाही, मालकानं नेलं नाही, अन् ते वर्षानुवर्षं रनवेजवळच उभं. खरं तर रनवेच्या दोन्ही बाजूंना ठरावीक रुंदीची पट्टी मोकळीच लागते, घसरलेल्या विमानाला जागा मिळावी म्हणून. ते धूड कायमचं हलायला २०१५ उजाडलं.