डाळ, दळ आणि कांद्याच्या रोपाची कमान

निफाड, चांदवडकडे दिवाळीच्या आसपास उन्हाळ कांद्याचे उळे टाकतात, म्हणजे रोपांसाठी बी पेरतात. आठ-दहा दिवसांनी वाफ्याशी उकिडवे बसून पाहिले, तर वर आलेले टोक सहसा दिसतच नाही. दिसते ती कमान. हिरवा दोरा मधोमध दुमडून वर आलेला आणि दोन्ही टोके मातीतच. एक टोक मुळाकडे गेलेले, दुसरे काळ्या बियात अडकलेले. आणखी काही दिवसांनी हे दुसरे टोक वर ओढले जाते, बऱ्याचदा बियाची टोपी डोक्यावर घेऊनच. ‘रोप उगवलं’ असे आपण म्हणतो खरे, पण रोपाचे पहिले खरे पान अजून आलेलेच नसते. तो अख्खा दोरा म्हणजे कांद्याचे एकुलते एक बीजपत्र.

बीजपत्र हा शाळेतला शब्द. स्वयंपाकघरातला शब्द डाळ. मिसळीसाठी मोड आणलेल्या मटकीचा एक दाणा सोलून बघा. साल निघते, दोन डाळी सुट्या होतात आणि त्यांच्या बेचक्यात वाकलेला कोंब दिसतो. नीट पाहिले तर कोंबाच्या टोकाला दुमडलेली इवली पानेही दिसतात. दाण्याचे जवळजवळ सगळे वजन त्या दोन डाळींचे. त्यांना पान म्हणायचे की कोठार? युरोपात अभ्यासकांना हा प्रश्न दीडशे-दोनशे वर्षे पुरला. आपल्याकडे ‘दल’ या एकाच शब्दात दोन्ही अर्थ राहतात: दल म्हणजे फुटून झालेला तुकडा आणि दल म्हणजे पानही. तुळशीदळ, बेलाचे त्रिदळ हे त्यातूनच आले. हा योगायोग असेल, पण मला तो फार आवडतो.

चरकसंहितेत धान्यांचे शूकधान्य आणि शमीधान्य असे वर्ग आहेत, म्हणजे कुसळाची आणि शेंगेची. सुश्रुताने शेंगेच्या धान्यांना ‘वैदल’ म्हटले, दोन दळांत फुटणारी. त्या यादीत मूग, मसूर, हरभरा, तूर यांच्याबरोबर मकुष्ठ आहे. मकुष्ठ म्हणजे आपली मटकी. तिकडे ग्रीसमध्ये थिओफ्रास्टसने इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकात धान्याचा आणि कडधान्याचा दाणा वेगळ्या रीतीने उगवतो हे नोंदवले होते. त्यानंतर कित्येक शतके हा विषय फारसा पुढे सरकला नाही.

पुढे सरकला तो सूक्ष्मदर्शक आल्यावर. १६७१ च्या डिसेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वनस्पतींच्या अंतर्रचनेवरची दोन कामे जवळजवळ एकाच वेळी आली. एक इंग्लंडच्या नेहेमाया ग्रूचे, दुसरे बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिगीचे. ग्रूने सुरुवातच घेवड्याच्या जातीच्या एका बियापासून केली. बियातल्या दोन जाड फाका काही झाडांत मातीवर येऊन हिरव्या होतात हे पाहून त्याने त्यांना पाने ठरवले, फक्त पुढच्या पानांपेक्षा वेगळ्या घडणीची. माल्पिगीने त्याहून धीट काम केले. त्याने कोवळ्या रोपांची बीजपत्रे खुडून टाकली आणि रोपांचे काय होते ते पाहिले. रोपे खुरटली किंवा मेली. डाळ हे रोपाचे अन्न आहे, हे असे खुडून कळले.

जॉन रे या इंग्रज निसर्गअभ्यासकाने यावरून सगळ्या सपुष्प वनस्पतींची वाटणी केली. १६८२ मध्ये त्याने एक आणि दोन बीजपत्रांचा भेद मांडला आणि १७०३ च्या आवृत्तीत एकदल-द्विदल ही नावे पक्की केली. १७८९ मध्ये जुस्यू या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने आपले वर्गीकरण याच पायावर उभे केले. पाठ्यपुस्तकात आपल्याला हा एवढाच इतिहास सापडतो. मला तो सगळ्यात कमी रोचक वाटतो. डाळी मोजणे सोपे होते, त्या काय करतात हे कळणे अवघड.

आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलला या डाळी वेगळ्याच कारणाने उपयोगी पडल्या. १८६६ च्या त्याच्या निबंधातले पिवळे-हिरवे वाटाणे म्हणजे सालीचा रंग नव्हे, आतल्या डाळीचा. रगड्याचा पांढरा वाटाणा सोलला तर आत पिवळी डाळ निघते, हिरव्या वाटाण्याची हिरवीच राहते. डाळ ही भ्रूणाची, म्हणजे पुढच्या पिढीची. त्यामुळे दाणे पेरून रोप वाढायची वाट न पाहता शेंग फोडूनच निकाल मोजता येई: ६,०२२ पिवळे, २,००१ हिरवे.

कांद्याच्या कमानीकडे निरखून पाहणारा माणूस चार्ल्स डार्विन. मुलगा फ्रान्सिसच्या मदतीने १८८० साली प्रसिद्ध केलेल्या वनस्पतींच्या हालचालींवरच्या ग्रंथात त्याने ती वर्णन केली आहे. नाजूक टोक मातीत खुपसण्यापेक्षा वाकलेली पाठ पुढे करून माती फोडणे, ही युक्ती त्याने कितीतरी रोपांत पाहिली.

सोयाबीनमध्ये बीजपत्र नव्हे, त्याखालचा दांडा वाकतो, आणि जाड डाळी तोच वर ओढतो. म्हणून पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन मातीवर पपडी धरली की सोयाबीनची मान मोडते. हरभऱ्याला ती भीती कमी, कारण त्याच्या डाळी जमिनीतच राहतात आणि फक्त कोंब वर येतो. ज्वारी-बाजरीत तर बीजपत्र कधी बाहेरच पडत नाही. दाण्याच्या आत राहून ते पिठाचे विरघळलेले अन्न शोषते आणि कोंबाला पुरवते. द्राक्षबागायतदाराचा मात्र या सगळ्याशी संबंधच येत नाही. ज्यावर द्राक्षाचे कलम करतात ती डॉगरिज जातीची खुंटरोपे फांद्यांच्या काड्यांपासून होतात, त्यामुळे द्राक्षाची बीजपत्रे त्याने बहुधा कधी पाहिलेलीच नसतात.

कोठारातला माल कसा निघतो हे उलगडायला विसावे शतक उजाडले. १९५७ मध्ये कॉर्नबर्ग आणि बीव्हर्स या शास्त्रज्ञांनी उगवत्या एरंडाच्या बियांत तेलाची साखर होण्याचा मार्ग दाखवला. एरंडाचे तेल डाळींत नव्हे, त्यांच्याभोवतीच्या अन्नसाठ्यात, म्हणजे भ्रूणपोषात असते, पण भुईमुगाच्या तेलकट डाळीतही हाच मार्ग चालतो. सोयाबीनची बीजपत्रे उगवल्यावर आठवडा-दहा दिवस रोपाला पोसतात आणि तेवढ्यात त्यांचे बरेचसे कोरडे वजन संपते. एक गेले तर रोपाला फारसे जाणवत नाही. उगवतीलाच दोन्ही गेली तर उत्पन्नावर परिणाम दिसतो.

रेच्या वाटणीचे पुढे काय झाले? १९९८ साली जनुकांच्या आधाराने नवे वर्गीकरण आले. त्यात एकदलांचा गट टिकला, द्विदलांचा फुटला. कुमुदिनी आणि सोनचाफा यांची कुळे त्यातून वेगळी निघाली.

कांदा एकदलातच राहिला. पण त्याचे बीजपत्र दोन्ही कामे करते. टोक बियात असते तोवर अन्न शोषते, आणि मातीवर आलेला हिरवा भाग स्वतः अन्न करतो. आणखी काही दिवसांनी वाफ्यात पुन्हा बसलात, तर त्याच दोऱ्याच्या बुडाशी बाजूला एक बारीक छिद्र दिसेल. कांद्याचे पहिले खरे पान त्यातून बाहेर येते.